दोन डावी चाकं

दत्ताराम,

परवा पेणला तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते बरंच झालं. फ्लेक्सवर तुझा फोटो होता आणि शेजारी त्याच्या दुप्पट आकाराचा समितीच्या अध्यक्षांचा. दोघांच्या मधे आपली आगबोट. लांबून बघणाऱ्याला नेमकं कोण वारलंय हे चटकन कळलं नसतं. एका वक्त्याने तुला दर्यावर्दी म्हटलं. होडीत पाय ठेवला की तुला मळमळायचं, हे त्या सभागृहात फक्त मला आणि सुमनवहिनींना माहीत होतं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला तेव्हा लोकांना वाटलं, त्या रडताहेत.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. मी थकलोय. जो भेटतो तो विचारतो, "शेवटी काय झालं होतं?" मी सांगतो, हृदय. लोक समाधानाने मान हलवून पुढे जातात. आपल्या दोघांत शेवटी काय झालं होतं, ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी ते ज्याला सांगावं असा माणूस तूच होतास.

तू पहिल्यांदा वाचनालयात आलास तेव्हा तुझी धाटावची नोकरी नुकतीच संपली होती. कंपनीच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला माणूस रोह्याहून एसटीने पेणला येतो आणि काउंटरवर, निवृत्तीनंतरही सवयीने बसणाऱ्या मला, विचारतो, "वाफेच्या इंजिनावर मराठीत पुस्तक हाय का?" मी म्हटलं, "मराठीत वाफ भरपूर आहे, इंजिन नाही." तू हसला नाहीस. चार दिवसांनी परत आलास आणि दारातूनच म्हणालास, "गुरुजी, त्ये वाफेचं आत्ता कळलं." मी जन्मात कुणाला शिकवलेलं नाही. पण चष्मा आणि तिरकं बोलणं एवढ्यावर तू मला गुरुजी ठरवलंस, आणि गुरुजी म्हणून शेवटपर्यंत एकेरीत बोलत राहिलास.

इंजिन तुला कशासाठी हवं होतं ते पुढच्या रविवारी कळलं. तुझ्या स्कूटरवर मागे बसवून तू मला गडबच्या पलीकडे खाडीच्या एका फाट्यात नेलंस. तिथे ती आगबोट चिखलात एका कुशीवर पडलेली होती. तिच्याबद्दल बंदरखात्याच्या एका जुन्या पुस्तकात मी कधीतरी दोन ओळी वाचल्या होत्या आणि विसरलो होतो. इंग्रजांच्या काळात मोठ्या जहाजांना धक्क्याला ओढून लावायला तिला मुंबई बंदरात आणलेलं. बंदराला ती नकोशी झाली तेव्हा एका मिठाच्या व्यापाऱ्याने घेतली. मग इकडच्या खाड्यांतून मिठाने आणि भाताने भरलेले पडाव ओढणं एवढंच तिचं काम. आपल्या उथळ गाळात खाली पंखा फिरणारी बोट रुतते, म्हणून हिला दोन्ही कुशींना एकेक मोठं चाक, पाणचक्कीसारखं, फळ्याफळ्यांचं. रस्ता झाला, ट्रक आले, ती बंद पडली. आधी बॉयलर गेला, मग नळ्या, मग कठडे. उजवं चाक भंगारवाल्यांनी कापून नेलं. डावं वाचलं, कारण ती डावीकडे कलली होती आणि ते चाक गाळात पुरलं गेलं होतं. चिखलाने जेवढं जपलं तेवढं पुढे आपल्या समितीलाही जमलं नाही.

तू खिशातून हातोडी काढलीस आणि तिच्या पत्र्यावर ठोकत निघालास. एक ठोका, कान लावायचा, पुढचा ठोका. "हा जिवंत. ह्यो पण जिवंत. ह्यो गेला." जिवंत पत्र्यावर खडूने गोल, गेलेल्यावर फुली. बॉयलरचे पत्रे तू असेच तपासत आलेला होतास. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. तसं म्हटल्यावर तू म्हणालास, "गुरुजी, तू डोळ्याचा माणूस. ऐकायचं मी बघतो. बघायचं तू बघ."

हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

त्यानंतर सहा वर्षं आपण रविवारचे तिथे जात राहिलो. मी आभार मानायच्या बाबतीत कच्चा आहे, पण आता लिहून टाकतो. तुझ्यामुळे मी रविवारी दाढी करायला लागलो. त्याआधी निवृत्तीनंतरचे माझे रविवार आणि सोमवार यांत फरक उरला नव्हता. डब्यात वहिनींची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, आणि भांडण असायचं. भांडण बहुधा एकच. तू म्हणायचास, तिला काठावर घेऊ, उजवं चाक नवं बनवू, पुन्हा उभी करू. मी म्हणायचो, आहे ते जपावं, नाही ते बनवू नये. बनवलेलं चाक म्हणजे नाटकातली दाढी.

एकदा तू भाकरी खाली ठेवून विचारलंस, "वाचनालयात पुस्तकाचं पान फाटलं तर तू चिकटवतोस का नाय?"

"चिकटवतो."

"कागद त्याच काळातला आणतोस?"

मी सुकटीची चटणी पुढे ओढली. तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद होता की वहिनींना सांगायला तू घाईघाईने स्कूटर काढलीस. त्याचं उत्तर मला सापडलंय, दत्ताराम. मी कोरा कागद चिकटवतो. हरवलेला मजकूर आपल्या मनाने त्यावर लिहीत नाही. हे मला तुला पोचवून स्मशानातून परत येताना रिक्षात सुचलं. तू यावर नक्की काहीतरी बोलला असतास. काय, ते मी रोज शोधतोय.

दुसरं भांडण लहान होतं आणि ते तू जिंकलास. तुझं म्हणणं, दोन चाकांना दोन वेगळी इंजिनं होती. मी म्हणत होतो, पुस्तकात तसं नाही. मग तू हिराजी नाखवांना शोधून काढलंस. नव्वदीला टेकलेले, तरुणपणी या बोटीवर खलाशी होते. ते म्हणाले, "येक चाक पुढं, येक मागं. खाडी चिंचोळी, वळायला जागा नाय. तवा ही जागच्या जागी फिरायची, फुगडी घातल्यावानी." तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. ते जास्त झोंबलं.

मग समिती झाली. समिती झाली म्हणजे आपलं काम हातातून गेलं, हे मला पहिल्या सभेतच कळलं. तिथे बोटीबद्दल पाच मिनिटं चर्चा झाली आणि व्यासपीठाच्या रुंदीबद्दल तास. मला कार्यवाह केलं, कारण मला पत्रं लिहिता येतात. पण खरं बोलायचं तर समिती नसती तर ती काठावरही आली नसती. उधाणाच्या भरतीला तिच्या पोटाला रिकामी पिंपं बांधून गावकऱ्यांनी तिला ओढली, त्या दिवशी मीही दोराला हात लावला होता. माझा हात दोरावर आहे हे बघून तू ओरडलास, "गुरुजी, सोड, नायतर ती मागं जाईल!" सगळे हसले. मीही हसलो. आपल्या सहा वर्षांतला तो सगळ्यात चांगला दिवस.

गाळ धुतल्यावर डावं चाक अख्खं निघालं. पुरुषभराहून उंच. आणि समितीने ठरवलं की लोकार्पणाला दोन चाकं हवीत. तू जिंकलास. जोह्याच्या नलूताईंकडे काम गेलं. त्यांच्या कारखान्यात गणपतींबरोबर फायबरची मोठी कामंही होतात. डाव्या चाकाच्या एका फळीवरून, फळीच्या बाहेरच्या, म्हणजे बोटीपासून लांबच्या टोकाला जोडलेल्या कांडीसकट, त्यांनी साचा काढून नेला.

दत्ताराम, आता ते लिहितो ज्यासाठी लिहायला बसलो.

लोकार्पणाच्या आधीच्या आठवड्यात तुझा गुडघा सुजला होता. तू फोन केलास, "गुरुजी, जोहे तुला जवळ. जाऊन चाक बघून ये." मी पेणहून बसने गेलो. कारखान्यात गणपतींच्या ओळी वाळत होत्या आणि त्यांच्या पायाशी आपल्या दहा फळ्या मांडलेल्या होत्या. मी एक उचलली. फळीची एक बाजू किंचित खोलगट असते. पाणी तीच बाजू लोटते. कांडी एका टोकाला. मी ती फळी मनातल्या मनात बोटीच्या उजव्या कुशीला लावून बघितली. कांडी बाहेर आली की खोलगट बाजू तोंड करते नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे; हवी मागे. उलटी फिरवली की कांडी आत जाते. साच्यातून निघालं ते डाव्याचं हुबेहूब डावं. आपण बोटीला दोन्ही पायांत डाव्या पायाच्या चपला घालणार होतो.

तू म्हणाला होतास, बघायचं तू बघ. मी बघितलं.

नलूताईंनी विचारलं, "कसं झालंय, काका?"

मी म्हटलं, "छान झालंय."

का म्हटलं, ते सांगतो. आदल्याच सभेत ठरलं होतं की बोटीला गंज रोखणारा लेप नंतर देऊ, आधी सोनेरी रंग देऊ. मी विरोध केला तर अध्यक्ष म्हणाले, "गुरुजींचा स्वभावच तसा आहे." माझ्या डोक्यात ते होतं. मला वाटलं, होऊ दे. व्यासपीठ, हार, बँजो, सोनेरी रंग, आणि त्या सगळ्याच्या मधे एक चुकीचं चाक. मला ती गंमत बघायची होती. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही. तुझं बनवलेलं चाक फसलं असतं, तर आपलं भांडण मी जिंकलो असतो.

तुला फोनवर म्हटलं, "ठीक आहे." तू म्हणालास, "तू बघितलंस ना? मग झालं."

लोकार्पणात ती गंमत काही झालीच नाही. पडदा ओढला, टाळ्या पडल्या, सोनेरी बोटीपुढे लोक फोटो काढत राहिले. कुणालाही काही दिसलं नाही. हिराजी नाखवांना शाल द्यायला खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी बोटीकडे बघितलं आणि मान पुढे काढून पुन्हा बघितलं. "ह्ये चाक कोनी लावलाय? दोनी डावीच हायेत. ही पुढं जायाची नाय, जागच्या जागी गरगरंल." अध्यक्षांनी माइकवर सांगितलं, "नाखवांना जुन्या आठवणींनी गहिवरून आलं आहे." पुन्हा टाळ्या.

मी तुझ्याकडे बघत होतो. तू काठी टेकत उजव्या कुशीला गेलास आणि एका फळीवरून हात फिरवलास. दोन बोटांनी ठोकून बघितलंस, सवयीने. फायबरला कुठला आवाज. मग तिथेच उभा राहिलास. बँजो वाजत होता. मी जी गंमत बघायला आलो होतो ती तुझ्या पाठीवर दिसत होती, आणि ती गंमत नव्हती.

परतताना तू विचारलंस, "गुरुजी, तुला दिसलं नव्हतं?"

मी म्हटलं, "मी काय फिटर आहे?"

तू काठी या हातातून त्या हातात घेतलीस. मग म्हणालास, "खरं हाय. तुला दिसलं असतं तर तू बोलला असतास. तुझं तोंड गप बसतंय व्हय?"

तू मला सोडवलंस, दत्ताराम. मला सुटायचं नव्हतं, आणि तू हसून सोडवलंस. त्यानंतर किती रविवार आले. प्रत्येक वेळी मी ठरवून निघायचो आणि भाकरी खाऊन परत यायचो. दोन वाक्यांचं काम होतं. आयुष्यभर अध्यक्षांच्या तासाभराच्या भाषणांना हसलेला माणूस मी, मला दोन वाक्यं जमली नाहीत.

शेवटच्या आठवड्यात तुझा फोन आला. "रविवारी रोह्याला ये. घरीच ये. काम हाय." मी म्हटलं, बघतो. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू विचारणार आहेस. म्हणून मी कंबर दुखतेय असं कळवलं. कंबर ठीक होती. मंगळवारी तू गेलास.

परवाच्या सभेत मला बोलायला सांगितलं. मी उभा राहून सरळ सांगितलं. उजवं चाक चुकीचं आहे. ते मला आधी दिसलं होतं आणि मी दत्तारामला सांगितलं नाही. मग अध्यक्ष माइकजवळ आले. "ही मित्राची नम्रता आहे. चूक स्वतःकडे घेण्याचं मोठेपण आहे." आणि टाळ्या. शोकसभेत, दत्ताराम. खरं बोलून मला इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. उजव्या चाकावर तुझ्या नावाची पितळी पाटी बसवायची ठरलंय. कागदावर कार्यवाह म्हणून माझी सही हवी होती. मी म्हटलं, आधी चाक बदला. ते म्हणाले, "गुरुजी, चाक फिरणार थोडंच आहे? कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "ज्याचं नाव लावताय त्याला कळलं होतं." ते दमून म्हणाले, "बदला. पण समितीला त्रास नको." समितीला त्रास होणार नाही. मी सही केलेली नाही. चुकीच्या चाकावर तुझं नाव माझ्या सहीने लागणार नाही, एवढं एक काम माझ्याकडे उरलंय.

काल सकाळी जोह्याला गेलो. नलूताई एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होत्या, म्हणून हात थांबेपर्यंत मी बाहेर बाकावर बसलो. मग त्यांना सगळं सांगितलं. त्या हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे त्या दिवशी तुमी फळी हातात घेतली तवाच तुमाला कळलं व्हतं?"

"हो."

"आनि मला म्हनलात, छान झालंय."

"हो."

"काका, गनपती न्यायला येनारा आधी सांगतो, सोंड डावी पायजे का उजवी. उजवीला साचा येगळा लागतो. हे माज्या पोरालाबी ठावं हाय. चाकाचं मला कुनी सांगितलंच नाय." त्यांनी फडकं बाकावर टाकलं. "दोन दिवसांचं काम व्हतं वो. त्या दत्तारामदादांनी मला नंतर फोन केला तरी शिवी नाय दिली. म्हनले, ताई, चूक माजीच, मी माप दिलं पन बाजू नाय सांगितली."

तू त्यांनाही सोडवलं होतंस. मला ते माहीत नव्हतं.

"आता नीट सांगा," त्या म्हणाल्या. "डावं का उजवं?"

"उजवं."

"त्याचा नमुना? साचा उलटा करता येत नाय. नव्यानं घडवाय लागंल."

मी वहिनींना फोन लावला, तू काही कागद ठेवलेत का विचारायला. वहिनी म्हणाल्या, "कागद नाय, भावजी. तुम्ही या. येताना त्या ताईंनाही घेऊन या."

दुपारच्या एसटीने आम्ही दोघं रोह्याला आलो. वहिनींनी मागच्या पडवीत नेलं. तिथे तांदळाची पिंपं ओळीने मांडलेली होती. ती आम्ही तिघांनी एकेक अलगद उचलून बाजूला केली. खाली शहाबादी फरशीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खडूने काढलेलं अख्खं चाक होतं. दहा फळ्या, दहा कांड्या, प्रत्येकीची बाजू. डाव्या चाकाचं आरशातलं रूप. सुजलेला गुडघा घेऊन तू किती दिवस त्या फरशीवर सरपटत होतास, कोण जाणे.

"सुतक फिटल्यावर सगळं घर धुतलं," वहिनी म्हणाल्या. "पडवी नाय धुतली. नणंद म्हणाली, वहिनी, इथं पाणी घाला. म्हटलं, इथं तांदूळ ठेवलाय, भिजंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही रविवारी यायचे होतात. हे सकाळपासून पिंपं बाजूला करून बसले होते."

नलूताईंनी मोठे कागद अंथरले आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून तुझं चाक उतरवून घ्यायला लागलो. माझी कंबर आता खरंच दुखत होती. सातव्या फळीजवळ खोलगट बाजूला तू बाण काढला होतास आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतंस, 'ही बाजू गुरुजींना दाखवणे. मग पुढचं.'

तू मला जाब विचारायला बोलावलं नव्हतंस. तुला एवढंच विचारायचं होतं, बरोबर आहे का.

मी चष्मा पुसला. उठून फरशीच्या या टोकाला गेलो, मग त्या टोकाला. मनातल्या मनात एकेक फळी बोटीच्या उजव्या कुशीला लावली. दहाच्या दहा. नलूताई आणि वहिनी पिंपांना टेकून थांबल्या होत्या. मला बराच वेळ लागला. मग तुझा खडू कोनाड्यात होता तो घेतला आणि त्या ओळीखाली तुझ्यासारखा एक गोल काढला.

बरोबर आहे, दत्ताराम. मी बघितलं.